तुतीचा पाला आणि मिश्री

परवा भाच्याने गावाहून फोनवर फोटो पाठवला. मक्याच्या पोंग्यात दडून बसलेली एक मळकट अळी आणि आजूबाजूला तिने केलेला भुसा. खाली लिहिलं होतं, ‘आत्या, ही कसली अळी हाय? मागं सोयाबीनवर हुती तीच का?’ मी चष्मा लावून पाहिलं आणि तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईला शोभेल असं लांबलचक उत्तर लिहिलं. ही लष्करी अळी. सोयाबीनवरची वेगळी, पण खाण्याच्या बाबतीत दोघी सारख्याच, समोर येईल ते पान खाणाऱ्या. मका संपला तर ज्वारी, ज्वारी नसली तर ऊस, तोही नसला तर बांधावरचं गवत. त्याचं उत्तर लगेच आलं, ‘लय हुशार दिसतीया.’ मी फोन उलटा करून ठेवला. दुपारचं जेवण तसंच झाकून राहिलं. पोराने सहज लिहिलं होतं, त्याची काही चूक नाही. पण आमच्या घरात एकदा दुसऱ्याच जातीच्या अळ्या आल्या होत्या, एकाच झाडाचा पाला खाणाऱ्या. त्यांचं मी काय केलं ते आजवर कुणाला लिहून दाखवलेलं नाही. आता लिहायला हवं. वाचून रागावतील अशी माणसं घरात फारशी उरलेली नाहीत.

आमचं गाव कोरेगावपासून बैलगाडीने तासाभरावर. माझे वडील, अण्णा, पलटणीतून सुभेदार होऊन परत आले होते. म्हैसूरकडे असताना त्यांनी घरोघर रेशमाचे किडे पाळलेले पाहिले होते, आणि पेन्शनीवर आल्या आल्या त्यांनी उसाचं अर्धं रान मोडून तुती लावली. गावाने मनसोक्त हसून घेतलं. ‘सुभेदारसाहेब, किड्यांचं बारसं कवा?’ असं पारावरचे लोक विचारायचे, आणि अण्णा तितक्याच गंभीरपणे ‘पाला तयार झाला की,’ म्हणून सांगायचे. पूर्वेची खोली शेणाने नव्हे, चुन्याने सारवून घेतली. बुरडाकडून बांबूच्या मोठाल्या परड्या विणून आणल्या, त्या मांडायला लाकडी घोड्या केल्या, एकावर एक पाच थर. वरच्या थराला आईचासुद्धा हात जेमतेम पोचायचा, माझा तर नाहीच. उंबऱ्यात चुन्याची पाटी, त्यात पाय बुडवून आत जायचं. बाहेर साबण आणि बादली, हात धुतल्याशिवाय पाल्याला शिवायचं नाही. आणि घरात वास म्हणून कसला नको. उदबत्ती बंद, रॉकेलची चिमणी बंद, फोडणीसुद्धा बंद. चूल परसात हलली आणि आम्ही दोन्ही वेळेला हुलग्याचं माडगं आणि भाकरी खाऊ लागलो. माझा धाकटा भाऊ रडायचा, त्याला ठेचा हवा असायचा. तो अण्णांनी बांधावर जाऊन खायला परवानगी दिली होती.

अंडी सरकारी खात्याकडून पुठ्ठ्यावर चिकटलेली आली, मोहरीहून बारीक. आणि त्याच आठवड्यात आक्का आली, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. तिला सगळं घर आक्काच म्हणायचं, मीसुद्धा. तिचं सासर निपाणीकडे. जन्म गेला तंबाखूच्या वखारीत, पानं झोडपण्यात आणि चाळण्यात. नवरा वारल्यावर दिरांनी दारात उभं केलं नाही, मग ती एक ट्रंक आणि मिश्रीची एक पितळी डबी घेऊन भावाकडे आली. मिश्री म्हणजे तव्यावर काळीभोर भाजलेली तंबाखू, बोटाने दातांना लावायची. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांचा दिवस तिच्यावरच उजाडतो. आक्का सकाळ, दुपार, संध्याकाळ लावायची आणि मधे कुणी दुःखाचं बोललं की तेव्हाही लावायची. अण्णांनी तिला पहिल्याच दिवशी ओसरीवर बसवून सांगितलं, ‘आक्का, मिसरी आन हे किडं एका घरात नांदायचं न्हाईत. त्यांना तंबाखूचा नुसता हात लागला तरी मरत्यात. काय ते तू ठरीव.’ आक्काने एवढासाही विचार केला नाही. कनवटीची डबी काढून त्यांच्या हातात दिली. ‘ठेव तुझ्या ट्रंकंत. मागितली तरी दिऊ नगंस.’ अण्णा हसले आणि म्हणाले, ‘हे पयलं पीक नीट निघालं ना, तर ही खोली तुझी. तू हितनं कुटं जायचं न्हाईस.’

आक्काला त्या वाक्याची किती गरज होती हे मला तेव्हा कळलं नाही. मी बारा वर्षांची होते. मला एवढंच दिसलं की ही मोठी, रापलेली बाई त्या किड्यांच्या मागे वेडी झाली. पहाटे दव सुकल्याशिवाय पाला तोडू द्यायची नाही. तोडलेला पाला जुन्या लुगड्याने पुसून कोरडा करायची, कोवळा वेगळा, जून वेगळा. किडे कात टाकायला लागले की परड्यांजवळ कुणाला मोठ्याने बोलू द्यायची नाही. शेवटच्या अवस्थेत ते करंगळीएवढे झाले, पांढरेशुभ्र, आणि खायला लागले की खोलीभर एकसारखा आवाज यायचा, दाराआड कुणी पीठ चाळतंय असा. आक्का खाली बसून तो आवाज ऐकायची. एकदा मी गंमत म्हणून एका किड्यापुढे शेवग्याचं पान ठेवलं, मग जास्वंदीचं, मग उंबराचं. त्याने डोकं उचललं, इकडेतिकडे हलवलं आणि उपाशी बसून राहिला. तासाभराने आक्काने ते पाहिलं आणि तुतीचं पान ठेवलं. तो त्याच्या कडेला लागला. ‘त्याला एवढंच ठावं हाय गं,’ ती म्हणाली. ‘दुसरं तोंडात घालायचं त्याच्या मनातच न्हाई.’

तिची मात्र दैना झाली होती. जन्माची सवय एका दिवसात तोडलेली. हिरड्या सुजल्या, पोट साफ होईना, डोकं असं ठणकायचं की कपाळाला फडकं आवळून ती भिंतीला डोकं टेकून बसायची. आई म्हणायची, ‘वन्सं, जरा पडा की.’ तर, ‘पडून ऱ्हायली की लय आठवतीया,’ म्हणून उठायची आणि पाला पुसायला लागायची. बावीस-तेवीस दिवस तिने असे काढले. किडे कोष विणायला लागायला दोनच दिवस उरले होते, आणि त्या दुपारी तिला उठताच येईना. मी तिच्यापाशी गेले तर ती चक्क रडत होती, मोठी माणसं रडतात तशी, आवाज न करता. मला ते बघवलं नाही. मी दुकानात गेले, ‘म्हशीला गोचिडं झाल्यात, तंबाखू द्या,’ म्हणून पुडी आणली. तंबाखूच्या पाण्याने गोचिड मरतात हे गावात शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं, मीही जाणत होते, तरी मला पुढचं सुचलं नाही. गोठ्यामागे फुटक्या तव्यावर तंबाखू भाजली, निपाणीच्या गोष्टी सांगताना आक्काने सांगितलं होतं तशी, आणि तळव्यांनी चोळून बारीक केली. कागदात बांधून तिच्या उशाशी नेऊन ठेवली. मला वाटलं ती मला जवळ घेईल.

तिने पुडी उघडली. वास आला तसे तिचे डोळे मिटले. मग पुडी पुन्हा बांधून तिने माझ्या हातात दिली. ‘नगं पोरी. दोनच दिस ऱ्हायलं. एवढं काढलं, आन आता तोंड काळं करू व्हय? जा, लांब टाकून ये.’ मी गेले आणि निवडुंगाच्या कुंपणात टाकून आले. परत आले तोच आईने हाक मारली, ‘मंदे, वन्सं उठंनात. चल, पाला घालायला हात लाव.’ बादली रिकामी होती. विहिरीवर जायचा मला कंटाळा आला. हो, कंटाळा. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या पापाचं कारण एवढंच आहे, आणि इतक्या वर्षांत मला त्याला दुसरं बरं नाव सापडलेलं नाही. हात परकराला पुसले, चुन्यात पाय बुडवले आणि खालचे चारही थर मी पाल्याने भरले. वरचा थर आईने घातला.

दिवस मावळायच्या आत किडे तोंडं वर करून झुलायला लागले. तोंडातून तपकिरी पाणी यायला लागलं. मग ते आखडले, वाकडे झाले आणि परड्यांच्या कडेवरून खाली पडायला लागले. पीठ चाळल्याचा तो आवाज थांबला, आणि थांबला म्हणूनच अण्णा धावत आले. एक किडा तळव्यावर घेऊन त्यांनी हुंगला. ते सरळ आक्का निजली होती तिथे गेले. पुडी मी टाकली होती, पण ती उघडताना अंथरुणावर सांडलेली चिमूटभर काळी पूड तशीच राहिली होती. अण्णांनी ती बोटावर घेतली. ‘आक्का, हे काय?’

आक्का उठून बसली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या कडीकडे पाहत होते. ‘म्या न्हाई लावली, ज्ञानू,’ ती अण्णांना म्हणाली.

‘मग हे कुटनं आलं?’

‘म्या न्हाई लावली.’

अण्णा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मी कदाचित घाबरून बोलले असते. ते खाली बसले, तिच्या पुढ्यात, आणि अगदी हळू म्हणाले, ‘आक्का, मेलं ते मेलं. पुन्ना अंडी आणू. जन्माची सवय हाय, मला समजतंय. नुसतं लावली म्हण, आन इषय संपीव.’

‘लावली न्हाई तर लावली कशी म्हनू?’

‘माझ्या तोंडावर खोटं बोलतीस?’

‘खोटं म्हन न्हाईतर काय बी म्हन. म्या न्हाई लावली.’

आई म्हणाली, ‘आवं, ऱ्हाऊ द्या आता,’ पण अण्णा उठून गेले होते. मेलेले किडे त्यांनी खड्ड्यात टाकले, वर चुना टाकला. सगळ्यात वरच्या परडीतले किडे जिवंत होते आणि दोन दिवसांनी ते कोष विणायला लागले. कुणी विचारलं नाही की वरचाच थर कसा वाचला. पलटणीत रस्त्यावरची ताजी माती बघून सुरुंग ओळखणाऱ्या माझ्या बापाच्याही ते लक्षात आलं नाही. मी रोज वाट पाहायची की आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत असते.

पुढचे दहा दिवस घरात दोन माणसं एकाच वाक्यासाठी अडून बसली होती. अण्णा रोज जेवायला बसताना तिच्याकडे बघायचे, आणि ती भाकरी वाढून परत जायची. ‘लावली’ एवढं म्हणाली असती तर ती खोली तिचीच होती. मी ‘मी भाजली’ म्हणाले असते तरीही ती तिचीच होती. तिला खोटं येत नव्हतं, मला खरं येत नव्हतं. अकराव्या दिवशी तिने ट्रंक भरली. सांगलीला हळदीच्या वखारीत तिच्या ओळखीची एक बाई होती, तिच्याकडे जाते म्हणाली. अण्णा रानात निघून गेले होते. डबी त्यांच्या ट्रंकेत तशीच राहिली, आक्काने मागितली नाही. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘शिक चांगली,’ एवढंच म्हणाली. तिने माझं नाव घेतलं असतं तर मला फार तर चार फटके बसले असते. तिने घेतलं नाही, आणि मी तिला एसटीपर्यंत पोचवायलासुद्धा गेले नाही.

अण्णांनी तुती उपटून पुन्हा ऊस लावला. आक्काचं नाव घरात निघेनासं झालं. फक्त भाऊबीजेच्या दिवशी ते सकाळीच अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसायचे, बारा वाजेपर्यंत. सांगलीकडची एसटी साडेअकराला यायची. मग उठून कपडे बदलायचे आणि रानात जायचे. एकदा आई म्हणाली, ‘तुमी जा की सांगलीला.’ ‘थोरली ती हाय,’ ते म्हणाले, ‘खरं बोलायला तिनं यावं.’ मी तिथेच ज्वारी निवडत बसले होते. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, काही बारा वर्षांची नव्हते.

कराडला कॉलेजात गेल्यावर एका सरांनी पानं खाणाऱ्या किड्यांवर शिकवायला घेतलं. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात विष घालून ठेवतं. तुतीच्या चिकात विष असतं, दुसरी अळी ती खाऊन खुरटते किंवा मरते. रेशमाच्या किड्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ते पचवायला शिकून घेतलं आणि अख्खं झाड त्यांचं झालं, वाटेकरी कमी. पण त्याची किंमत अशी, की त्या एकाच विषाशी ओळख झाली आणि बाकीची परकी राहिली. तंबाखू आपलं निकोटीन किड्यांना मारायलाच बनवते, आणि ते हाताला लागलेलंसुद्धा ह्या किड्याला पुरतं. मग सरांनी एका बरणीतली अळी दाखवली. हिला तंबाखूवरची अळी म्हणतात, पण ही एरंड खाते, कोबी खाते, सोयाबीन खाते, द्राक्षाची पानंही खाते. हिच्या पोटात नाना विषांची तोड असते. एकेका पानावर ती तितकी जोमाने वाढत नाही, पण कुठेही टाकली तरी उपाशी मरत नाही. ‘ह्यातली कुठली शहाणी?’ सरांनी विचारलं. वर्ग म्हणाला, दुसरी. मला उठून बाहेर जावं लागलं. पुढे मी हाच धडा स्वतः शिकवला, आणि दर वर्षी कुणीतरी मुलगी तेच उत्तर द्यायची. मी तिला सांगायची की निसर्गात शहाणं-वेडं असं नसतं, दोन्ही जाती टिकून आहेत. परीक्षेपुरतं ते बरोबर आहे. घरात मात्र आक्का टिकली नाही आणि मी टिकले. मला वडिलांसमोर खोटं पचलं, मैत्रिणींत पचलं, पुढे सासरीही पचलं.

नोकरी लागल्यावर मी ठरवलं की दिवाळीला अण्णांना सांगायचं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. दिवाळीच्या आधी तीन आठवडे ते रानात पाणी पाजताना पडले आणि घरी आणेपर्यंत गेले. आक्का दहाव्याला आली. नदीच्या पायऱ्यांवर एका बाजूला बसली आणि विधी झाल्यावर कुणाशी न बोलता गेली. महिन्याभराने मी सांगलीला गेले. वखारीमागच्या खोलीत तिच्या शेजारची बाई म्हणाली, ‘तुमी भाची व्हय तिची? ह्या अख्ख्या वखारीत मिसरी न लावणारी हीच एकली बाई हाय. आमी लय दिली, शिवत न्हाई.’

आक्का पायरीवर हळकुंडं निवडत बसली होती. हात कोपरापर्यंत पिवळे, केस पांढरे झालेले. तिने मला पाणी दिलं, जवळ बसवलं. मी सगळं सांगितलं. दुकान, फुटका तवा, रिकामी बादली, परकर, वरचा थर, दाराची कडी. सांगता सांगता रडले, आणि खरं सांगते, रडताना मला बरं वाटत होतं. आता ती रागावेल किंवा पोटाशी धरेल, काही का असेना, एवढ्या वर्षांचं संपेल असं वाटत होतं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. हातातलं हळकुंड तिने खाली ठेवलं.

‘ज्ञानूला सांगितलंस?’

‘नाही, आक्का. राहून गेलं.’

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मी तो सोसला असता.

‘मग मला कशाला सांगतीस, पोरी? तू भाजलीस ते मला ठावं हुतं. म्या लावली न्हाई तेबी मला ठावं हुतं. ठावं न्हवतं ते एकट्या ज्ञानूला.’

तिने सूप उचललं आणि आत गेली. मी पायरीवर बसून राहिले, आणि आतून तिचा रडण्याचा आवाज यायला लागला, ह्या वेळी मोठ्याने.